किक मारून पाय थकला, बुलेट काही उठेना: आधी अँमीटर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७४ सालची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०, चिपळूणजवळ पडवीत सहा पावसाळे उभी. मूळची ६ व्होल्टची, मधे कधीतरी १२ व्होल्टची करून घेतलेली. कार्बोरेटर मिकार्बचा व्हीएम २४. नवी बॅटरी घातली, नवा प्लग घातला, मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला, तरी गाडी सुरू होत नाही. मधूनच कार्बोरेटरमधून 'फुस्स' करते, एकदा सायलेन्सरमध्ये बार काढला आणि एकदा किकने असा उलटा झटका दिला की घोटा सुजला. आता मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडू. उघडावं का, आणि पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का?

इंजिन उघडू नका. ज्या इंजिनाने घोटा सुजवला, त्यात कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल पोचतंय आणि स्पार्कही पडतोय. तो वेळेवर पडत नाही, एवढंच. किकचा उलटा झटका म्हणजे पिस्टन वर पोचायच्या बराच आधी मिश्रण पेटलं आणि पिस्टनला खाली परत ढकललं. सायलेन्सरमधला बार म्हणजे आधीच्या दोन-चार किकचं न जळलेलं पेट्रोल तिकडे साचलं आणि मागाहून पेटलं, म्हणजे स्पार्क दरवेळी पडत नाही. 'फुस्स'ला कारणं दोन-तीन असू शकतात: मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), इनलेट व्हॉल्व्ह नीट न बसणं, किंवा पुन्हा टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ. तीन खुणांपैकी दोन सरळ इग्निशनकडे बोट दाखवतायत आणि आतापर्यंत उघडला गेलाय फक्त कार्बोरेटर. जुन्या गाडीचं हे नेहमीचंच आहे. कार्बोरेटर दिसतो, हाताशी असतो, दोन स्क्रूवर निघतो, म्हणून सगळे आधी त्यालाच धरतात.

टायमिंगला हात लावण्याआधी दोन गोष्टी मात्र करून घ्या, कारण सहा वर्षं उभ्या गाडीला नुसती किक मारत राहणं इंजिनाला बरं नाही.

पहिली गोष्ट तेल. बुलेटची तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात आहे. गाडी फार दिवस उभी राहिली की ते तेल पंपातून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरतं. मग किक जड लागते, प्लग तेलकट होतो आणि सुरू झालीच तर अख्खी आळी धुराने भरते. इंजिनाच्या बुडाला क्रँककेसचा ड्रेन प्लग वेगळा आणि तेलाच्या टाकीचा वेगळा असतो. दोन्ही सोडा, सगळं तेल जाऊ द्या, गाळ किती निघतो ते बघा. नवं २०डब्ल्यू५० तेल साधारण सव्वादोन लिटर लागतं. दुसरी गोष्ट, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग न लावता, स्विच बंद ठेवून, किक हाताने आठ-दहा वेळा सावकाश दाबा. रिंगा कोरड्या असताना जोरात मारलेल्या किकने सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडतात.

आता कॉम्प्रेशन. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक दिली तर अंगठा उडायला हवा. गेज असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडून पाच-सहा किक मारा. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, ६.५ ला १, त्यामुळे आजच्या गाड्यांचे आकडे इथे शोधू नका. ९० ते १०० पीएसआय मिळाले तरी गाडी खुशाल सुरू होते. कमी भरलं तर लगेच रिंगांवर खापर फोडू नका. आधी डावीकडच्या हँडलवरचा डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडून देणारा) लिव्हर बघा. त्याच्या केबलला एक-दोन मिलिमीटर ढील हवी. केबल ताठ असेल तर तो छोटा व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन तिथून निसटतं. कान जवळ नेला की किक दाबताना 'सूं' ऐकू येतं. नवी केबल बसवताना ताठ करून ठेवणं ही फार सर्रास चूक आहे.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची (पुशरॉड) ढील. उजव्या बाजूला सिलिंडरच्या खाली एका नटाने बसवलेलं छोटं झाकण आहे, ते उघडलं की दोन पुशरॉडची खालची टोकं आणि ॲडजस्टर दिसतात. कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन अगदी वर आणा. इंजिन थंड असताना दोन्ही पुशरॉड बोटांनी गरगर फिरले पाहिजेत, पण वर-खाली खुळखुळता कामा नयेत. यालाच शून्य क्लिअरन्स म्हणतात. यात फिलर गेज (फट मोजायची पाती) घालायची नसते. नव्या गाड्यांची सवय असलेला मेकॅनिक इथे गेज घालतो आणि मग टॅपेट वाजत राहतात. एखादा रॉड फिरतच नसेल तर तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि तुमच्या 'फुस्स'चं कारण इथेही सापडू शकतं. उलट एखादा रॉड भलताच सैल लागला तर व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून उघडाच अडकलाय असं समजा. दमट कोकणात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं असं होतं. गाइडवर गंज सोडवणारं तेल सोडून, वाट बघून, हलक्या हाताने सुटतो का पाहायचं.

आता मुख्य मुद्दा. हेडलाइटच्या मागच्या टोपात तो छोटा गोल अँमीटर (करंट दाखवणारा काटा) आहे ना, तो शोभेचा नाही. बंद पडलेल्या बुलेटचा रोग सांगणारं त्याच्याइतकं चांगलं उपकरण तुमच्या टूलबॉक्समध्ये नसेल. प्लग काढलेलाच ठेवा. दिवे, हॉर्न बंद. स्विच ऑन करा आणि किक हाताने अगदी सावकाश दाबत काट्याकडे बघा. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट जातो, काटा वजा बाजूला तीन अँपिअरच्या आसपास झुकतो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, काटा मध्यावर परततो. झुकला, परतला, झुकला, परतला. असं दिसलं तर बॅटरीपासून स्विच, कॉइल आणि पॉइंटपर्यंतचा प्राथमिक मार्ग जोडलेला आहे.

काटा मध्यावरच खिळून राहिला तर करंट जातच नाही. म्हणजे फ्यूज गेलाय, स्विचमध्ये किंवा वायरीत तुटलंय, किंवा पॉइंट मिटलेले दिसतात पण त्यांच्यामध्ये मळ आहे. काटा वजा बाजूला जाऊन तिथेच बसला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कॉइलकडून येणारी वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय, किंवा पॉइंटच्या टर्मिनलचा इन्शुलेटिंग वायसर उलटा बसलाय, किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली, त्यांच्यातली चकमक दाबणारी छोटी डबी) शॉर्ट झालाय. कंडेन्सरची वायर सोडून परत बघा. काटा हलायला लागला तर दोषी सापडला. ही तपासणी दोन मिनिटांत आटपा. पॉइंट मिटलेले असताना स्विच ऑन सोडून चहाला गेलात तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

बॅटरी नवी आहे म्हणून ती चांगली आहे असं धरू नका. विश्रांतीत १२.६ व्होल्ट हवेत. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. तुमच्या गाडीचं ६ चं १२ केलेलं असल्यामुळे दोन गोष्टी आवर्जून तपासा. एक, बॅटरीचं कुठलं टोक अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेलं, आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असायचा आणि बदल करणाऱ्याने काय केलं ते बघितल्याशिवाय कळत नाही. रेक्टिफायर (चार्जिंगचा एसी करंट डीसी करणारा भाग) कसा जोडलाय ते बघून मगच बॅटरी लावा, नाहीतर तो जळतो. दुसरी, कॉइल. मल्टीमीटरने कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलांमधला रोध मोजा, वायरी सोडून. १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ते ४ ओहम मिळतात, ६ व्होल्टच्या कॉइलला दोनच्याही खाली. ६ ची कॉइल १२ वर ठेवली तर स्पार्क झकास पडतो, पण पॉइंट जळतात आणि कॉइल तापून थोड्या वेळाने मरते. १२ ची कॉइल ६ वर असेल तर स्पार्क मरतुकडा. व्होल्टेज बदललेल्या गाड्यांत कॉइल बदलायची राहून गेली, हे वरचेवर दिसतं.

मग व्होल्टेज कॉइलपर्यंत पोचतं का ते बघा. पॉइंट मिटलेले असताना, स्विच ऑन ठेवून, कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टने कमी, ठीक. दीड-दोन व्होल्ट कमी भरले तर इग्निशन स्विचमधले पितळी पत्रे हिरवे पडलेत किंवा टोपाच्या आतल्या जोडण्यांना गंज चढलाय. याची खात्री करायचा साधा उपाय: बॅटरीचं जे टोक अर्थ नाही, तिथून एक वायर थेट कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलला लावा, स्विच बंद ठेवून. अशी गाडी सुरू झाली तर पॉइंट, कॉइल, कार्बोरेटर सगळे निर्दोष, चोर स्विचमध्ये. वायरच्या मध्ये फ्यूज ठेवा, आणि लक्षात ठेवा की ही वायर काढेपर्यंत इंजिन बंद होणार नाही.

आता पॉइंट. सिलिंडरच्या मागे उजव्या अंगाला डिस्ट्रिब्युटरची गोल डबी आहे, तिची टोपी काढा. सहा पावसाळ्यांनंतर आत काय दिसेल ते जवळजवळ सांगता येतं: स्प्रिंगवर तांबूस डाग, कॅमवरचं ग्रीस सुकून राळ झालेलं, आणि पॉइंटच्या दोन टिकल्यांवर करडी पापुद्र्यासारखी साय. डोळ्यांना ते स्वच्छ वाटतात. पण ही करडी साय वीज अडवते. बॅटरी नवी, कॉइल चांगली, तरी ठिणगी नाही किंवा तीनातून एकदा पडते, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. बारीक पॉइंट कानस दोन-तीन वेळा फिरवा. काच कागद वापरलात तर त्याचे कण टिकलीत रुततात. मग पेट्रोलमध्ये बुडवलेली कोऱ्या जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढा, पट्टीवर काळी रेघ उठायची थांबेपर्यंत. एका टिकलीवर उंचवटा आणि समोरच्या टिकलीवर खड्डा पडला असेल तर कानसत बसू नका, नवा सेट घाला आणि कंडेन्सरही बदला, कारण तो खड्डा बहुतेकदा त्याच्याच कृपेने पडतो.

गॅप मोजताना कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा, म्हणजे पॉइंट जास्तीत जास्त उघडतील. ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापात १४ ते १६ थाउ (इंचाचे हजारावे भाग). ०.३५ ची पाती सरकून जावी आणि ०.४५ ची अडावी. कॅमला मोहरीएवढं ग्रीस लावा, जास्त नाही. जास्तीचं उडून टिकल्यांवरच बसतं.

पॉइंटच्या प्लेटखाली ॲडव्हान्सची वजनं असतात. तुमच्या घोट्याचा माझ्या मते पहिला संशयित हाच. इंजिनाचा वेग वाढला की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क लवकर पडतो. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढतात. खिळी गंजून ती बाहेरच अडकली तर किकच्या वेगालाही स्पार्क पूर्ण ॲडव्हान्स पडतो, आणि किक उलटी येते. कॅम दोन बोटांत धरून त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा. टचकन परत आला पाहिजे. आळसावून आला किंवा आलाच नाही तर प्लेट काढा, वजनांच्या खिळ्या साफ करा, एकेक थेंब हलकं तेल द्या, स्प्रिंग ताणलेल्या किंवा तुटलेल्या नाहीत ना ते बघा. हे नीट होईपर्यंत गाडीला किक मारू नका. आणि मारताना चप्पल नको, घोट्याच्या वर येणारे बूट हवेत.

गॅप आधी, टायमिंग नंतर. उलट केलंत तर गॅप बदलताच टायमिंगही सरकेल. या इंजिनाचं टायमिंग असं: वजनं पूर्ण आत असताना पॉइंट उघडायची वेळ म्हणजे पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी. पट्टीवर बघा, ०.८ मिलिमीटर म्हणजे किती कमी. स्ट्रोक ९० मिलिमीटरचा आहे. 'थोडं ॲडव्हान्स केलं की बरं सुटते' म्हणून कुणी डिस्ट्रिब्युटरचं हाउसिंग बोटभर सरकवलं असेल तर घोट्याचं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

करायचं असं. प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये. टॅपेटचं झाकण उघडं ठेवा. मागचं चाक पुढे फिरवत इनलेटचा पुशरॉड वर जाऊन परत खाली आला की कॉम्प्रेशन स्ट्रोक सुरू झाला. हे पाहणं महत्त्वाचं, कारण डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या वरच्या टोकाला टायमिंग जुळवलंत तर बाकी सगळं अचूक असूनही गाडी सुटणार नाही, नुसती सायलेन्सरमध्ये फटाके फोडेल. आता प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडा, बाहेरचं टोक वाकवून, म्हणजे आत पडणार नाही. भोक तिरकं आहे, त्यामुळे स्पोकवर मोजलेलं माप तंतोतंत नसतं. पण वरचं टोक शोधायला आणि अंदाजाला पुरतं. स्पोक वर यायचा थांबतो आणि खाली जायला लागतो, त्या दोहोंच्या मधली जागा हे खरं टोक. तिथे खूण करा. चाक बरंच उलटं फिरवा आणि परत पुढे आणत ०.८ मिलिमीटर बाकी असताना थांबा. उलट नेऊन थेट तिथे थांबायचं नाही, कारण चेन आणि गिअरमधली ढील आकडा बिघडवते.

पॉइंटच्या टर्मिनलला टेस्ट लॅम्पची एक वायर, दुसरी इंजिनाला. १२ व्होल्ट, तीन-चार वॅटचा बल्ब पुरे. स्विच ऑन. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडताच पेटतो. हाउसिंगचा क्लॅम्प सैल करून बल्ब नेमका त्या जागी पेटेल असं बसवा. कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने हाउसिंग सरकवलं तर स्पार्क उशिरा, विरुद्ध दिशेने तर लवकर. बल्ब नसेल तर सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरा आणि हलका ओढत राहा; पॉइंट उघडताच तो सुटतो. क्लॅम्प आवळल्यावर पुन्हा एकदा तपासा, आवळताना हाउसिंग हमखास हलतं.

आता स्पार्क बघा. प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या पाकळीला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. किक मारल्यावर निळी, 'टक्' आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, लालसर, गप्प ठिणगी हवेत दिसते पण सिलिंडरच्या दाबाखाली मरते. ठिणगी पिवळी असेल आणि पॉइंटमध्येही भरपूर चकमक दिसत असेल तर कंडेन्सर गेला. कुठल्याही कॉइल-पॉइंटच्या जुन्या गाडीचा चालू कंडेन्सर त्याच्या जागी वायरने लटकवून बघा, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कोणताही चालतो. प्लगचा गॅप ०.५ ते ०.६ मिलिमीटर. आणि नवा प्लग हाही पुरावा नाही. बाजारात बनावट प्लग मुबलक आहेत, आणि चांगला प्लगसुद्धा चार वेळा पेट्रोलने भिजला की रुसतो. कॅपचा रोध मोजा, ५ किलोओहमच्या आसपास हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर फेकून द्या. प्लग अर्थ न करता, वायर लोंबती ठेवून किक मारू नका, त्याने कॉइल आतून फुटते.

इथपर्यंत सगळं जागेवर आलं की मगच कार्बोरेटर. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा. आता पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या हवेत अर्धी भरलेली टाकी म्हणजे त्याला आमंत्रणच. तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर किंवा पाऱ्यासारखे गोळे दिसले तर ते पाणी. १९७४ च्या काळातले रबराचे पाइप आणि कॉकची वॉशर या पेट्रोलला टिकत नाहीत, फुगतात किंवा चिकट होतात, नवे घाला. टाकीत गंज असेल तर व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग पेट्रोलने खळबळून काढा.

कॉकचा पाइप काढून पेट्रोल बाटलीत सोडा. धार अखंड हवी. सुरुवातीला धो-धो आणि मिनिटाभराने थेंब-थेंब, असं झालं तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. झाकण उघडताच धार परत येते.

दोनदा साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये पायलट जेट साफ झाला असेलच असं नाही. व्हीएम २४ मध्ये सुरू होणं आणि आयडलिंग त्याच्यावर अवलंबून. सुकलेल्या पेट्रोलचा पिवळा लाख त्याचं भोक अर्धं बुजवतो. वाऱ्याचा झोत आरपार जातो म्हणून ते साफ समजलं जातं. जेट उजेडासमोर धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. वायरीतला तांब्याचा एक केस घालून साफ करा, टाचणी नाही, तिने भोक मोठं होतं. जेट बसतो त्या बॉडीतला मार्गही क्लीनरने मारा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर. स्लाइडचा तिरका कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला आहे ना, ते बघा; दोनदा उघडलेल्या कार्बोरेटरमध्ये ती फिरलेली सापडू शकते. कार्बोरेटर हेडला बसतो तो फ्लँज आवळून आवळून वाकतो आणि मधून हवा खेचतो. सपाट काचेवर काच कागद ठेवून घासा, नवं गॅस्केट घाला. वर म्हटलेली 'फुस्स' टायमिंग आणि टॅपेट सुधारूनही राहिली तर इथे बघा.

पेट्रोल पोचतंय की नाही हे प्लग सांगतो. चोक लावून सात-आठ किक मारा आणि लगेच प्लग काढा. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही. शंका असेल तर अर्धा चमचा पेट्रोल प्लगच्या भोकातून सोडा, प्लग लावून किक मारा. दोन-चार भडक्यांनंतर बंद पडली तर स्पार्क ठीक, पुरवठा नाही. टोक ओलंचिंब असेल तर उलट: कॉक बंद, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, डीकॉम्प्रेशन दाबून दहा किक, म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर जाईल. प्लग पुसून परत लावा.

किकही अँमीटर बघूनच मारायची. कॉक उघडा, थंड असेल तर चोक, थ्रॉटलला हात नको. स्विच ऑन करून किक हळू दाबा, जड लागेपर्यंत. मग डीकॉम्प्रेशनचा लिव्हर धरून अजून थोडी दाबा; वजा बाजूचा काटा मध्यावर येईल. त्याच्या पुढे बोटभर ढकला, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या. आता एकच, पूर्ण, शेवटपर्यंत जाणारी किक. पायाचा जोर इथे फारसा कामाचा नसतो. पिस्टन टोकाच्या जरा पुढे असला की फ्लायव्हीलला पुढच्या कॉम्प्रेशनपर्यंत वेग धरायला पूर्ण पल्ला मिळतो, आणि झटक्याची शक्यताही कमी होते.

सुरू झाली की रेस देऊ नका. रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा वरचा बँजो बोल्ट (पाइप धरून ठेवणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल करा. मिनिटाभरात तेल झिरपायला हवं. नाही आलं तर लगेच बंद करा, पंपात हवा किंवा कचरा आहे. वेग वाढवल्यावर अँमीटर अधिक बाजूला जातोय का तेही बघा. जात नसेल तर गाडी चालेल, पण बॅटरी संपेपर्यंतच.

राहिला इलेक्ट्रॉनिक किटचा प्रश्न. आत्ता नको. किट बसवताना आहे ते चुकीचं टायमिंग, सुकलेली वायरिंग आणि कमी पोचणारं व्होल्टेज जिथल्या तिथे राहतं. आणि अशा किटला पॉइंटपेक्षा व्होल्टेजची जास्त गरज असते. पॉइंट मरताना आठवडाभर तक्रार करतात आणि रस्त्याच्या कडेला कानसने बरे होतात. किट एकदम बंद पडतं. मूळ पद्धतीवर गाडी दोन-तीनशे किलोमीटर नीट पळू द्या. पॉइंटचा सेट घेताना, पुण्यात नाना पेठेत घ्या नाहीतर दिल्लीहून करोलबागेतून मागवा, टाच बघून घ्या: मऊ प्लास्टिकची टाच लवकर झिजते, गॅप मिटत जातो आणि महिन्याभराने गाडी पुन्हा इथेच येऊन थांबते. फायबरची टाच घ्या, आणि पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गॅप एकदा परत मोजा, कारण नवी टाच सुरुवातीला थोडी बसतेच.